पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात!

सोमवारची सकाळ. आमच्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये चहा गार झालाय आणि दोन मित्र एकमेकांवर तुटून पडलेत. विषय अमेरिकन फुटबॉलमधला एक तरुण क्वार्टरबॅक. तिकडचे रविवारचे सामने आपल्याकडे रविवारी रात्री सुरू होतात आणि सोमवारी उजाडेपर्यंत चालतात. त्यामुळे या दोघांची झोप गेलेली आणि आवाज चढलेले. एकाचं म्हणणं, पोराचा हात तोफ आहे, पन्नास यार्ड लांब बॉल सहज टाकतो, अजून नवीन आहे, वेळ द्या. दुसरा म्हणतो, लांबचं राहू दे, दहा यार्डांवरचा साधा पास त्याला धड टाकता येत नाही. समोरून कुणी अंगावर आलं की पाय नाचायला लागतात, ज्याच्याकडे बॉल टाकायचा त्याच्यावरून नजर हटत नाही, मग समोरची टीम बॉल पळवणारच. हा दोन वर्षांत घरी बसतो की नाही बघ.

मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण भांडण इतकं ओळखीचं वाटलं की राहवेना. आपल्याकडे एखादा नवा बॅट्समन दोनदा बाहेरच्या बॉलवर बाद झाला की कट्ट्यावर हेच चालतं ना! तंत्रच नाही, डोकंच नाही, घ्या त्याला बाहेर. म्हणून मी शोधायला लागले, की या क्वार्टरबॅक मंडळींमध्ये असा कुणी होऊन गेलाय का, ज्याच्याबद्दल लोकांनी हेच म्हटलं आणि पुढे भलतंच घडलं? पहिलंच नाव समोर आलं ते जॉनी युनिटास याचं. माझ्या जन्माआधीच गेलेला माणूस. पण आजही सर्वोत्तम क्वार्टरबॅक कोण असा वाद निघाला की ज्याला वगळून पुढे जाता येत नाही, असा.

आधी खेळ समजून घेऊ

एक मिनिट, ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी. आपण जो फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. लांबट बॉल, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, प्रत्येक बाजूला अकरा जण. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार संधी मिळतात आणि तेवढ्यात किमान दहा यार्ड पुढे जावं लागतं. गेले, तर पुन्हा चार संधी. नाही गेले, तर बॉल समोरच्याकडे. प्रत्येक चालीची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातात. बॉल धावणाऱ्याकडे सोपवायचा की पुढे पळणाऱ्या रिसीव्हरकडे फेकायचा, हे त्याने करायचं, तेही समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना. फेकलेला बॉल समोरच्या टीमच्या माणसाने झेलला तर त्याला म्हणतात इंटरसेप्शन. क्वार्टरबॅकसाठी याहून मोठी नामुष्की नाही.

आज कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर येतो आणि चाल तिथून ठरते. युनिटासच्या काळात असं काही नव्हतं. मैदानावर कोणती चाल खेळायची हे बहुतेक वेळा तो स्वतःच ठरवायचा. म्हणजे हातही त्याचा, डोकंही त्याचं, आणि चुकलं तर शिव्याही त्यालाच.

कोळशाचं घर

जॉनी युनिटासचा जन्म ७ मे १९३३चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गचा. पोलादाच्या कारखान्यांचं, धुराचं, कामगारांचं शहर. घराणं मूळचं लिथुएनियाचं. वडिलांचा घरोघर कोळसा पोचवण्याचा छोटा धंदा होता. जॉनी पाच वर्षांचा असताना वडील वारले. घरात चार मुलं. आई हेलन हिने कोळशाचा धंदा बंद पडू दिला नाही. शिवाय रात्री ऑफिसांच्या फरशा पुसल्या आणि पुढे हिशेब ठेवण्याचं शिक्षण घेऊन त्यातली नोकरी मिळवली. जॉनीला पुढे कुणी कितीही धिप्पाड खेळाडूंची नावं सांगितली, तरी सगळ्यात कणखर माणूस त्याने घरातच पाहिला होता.

शाळेत तो क्वार्टरबॅक खेळायचा. शाळा लहान, पोरगा हडकुळा. स्वप्न मात्र नोत्र दामचं. हे तिथल्या कॉलेज फुटबॉलचं सगळ्यात मोठं नाव. तिथे चाचणी द्यायला गेला. वजन साधारण १४५ पौंड, म्हणजे जेमतेम ६६ किलो. हा मैदानावर मोडून पडेल असं त्यांना वाटलं आणि नकार मिळाला. गावातल्याच पिट्सबर्ग विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली, तर हा प्रवेश परीक्षेत नापास झाला. शेवटी लुईव्हिल विद्यापीठाने घेतलं. फुटबॉलमध्ये त्या काळी फारसं नाव नसलेलं ठिकाण.

पहिल्याच वर्षी सेंट बोनाव्हेंचरविरुद्ध त्याला सुरुवातीपासून खेळवलं, तर त्याने सलग अकरा पास बरोबर पोचवले आणि तीन टचडाउन करून दिले. सामना तरीही एका गुणाने हरला. नंतर विद्यापीठाने खेळावरचा खर्च आटवला, खेळाडू कमी झाले, आणि चढाई करणाऱ्या जॉनीला बचावातही उतरावं लागलं. वाईट टीममधला चांगला खेळाडू कसा ओळखायचा, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजच्या वादातही आहे. पोरगा चुकतोय की त्याच्या पुढे उभी राहणारी माणसं कमी पडतायत? आमच्या कॉमन रूममध्ये यावरच निम्मा तास गेला होता.

ज्या शहरात जन्मला, तिथेच नको झाला

१९५५मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, त्याचं नाव आलं नवव्या फेरीत, १०२व्या क्रमांकावर. घेणारी टीम पिट्सबर्ग स्टीलर्स. स्वतःच्या गावची! घरात आनंद झाला असणार. पण टीमकडे क्वार्टरबॅक झाले चार आणि जागा होत्या तीन. कोच वॉल्ट किसलिंग यांचं मत असं पडलं की हा मुलगा एवढी मोठी टीम चालवण्याइतका हुशार नाही. बरं, मैदानावर तपासून तरी बघायचं? तेही नाही. मोसमाआधीच्या सराव सामन्यांत त्याला एकदाही खेळवलं नाही. बाकावर बसवून ठेवलं आणि मोसमाच्या तोंडावर घरी पाठवलं. दुसऱ्या टीममध्ये जायलाही उशीर झालेला.

इथे एक गंमत आहे. स्टीलर्सचे मालक आर्ट रुनी यांची मुलं सराव शिबिरात जॉनीबरोबर बॉल खेळायची. त्यातल्या एका मुलाने वडिलांना पत्र लिहून कळवलं होतं, की आपल्याकडचा सगळ्यात भारी क्वार्टरबॅक हाच आहे आणि याला कुणी संधीच देत नाहीये. वडिलांनी कोचच्या कामात लुडबूड केली नाही. जॉनीऐवजी ज्याला ठेवलं, त्या व्हिक ईटनची कारकीर्द एका मोसमात संपली. पिट्सबर्गला पहिलं विजेतेपद मिळायला १९७४चा मोसम उजाडला. म्हणजे पोराचं ऐकलं असतं तर... असो. जर-तरला खेळात गुण मिळत नाहीत.

एका मॅचचे सहा डॉलर

बावीस वर्षांचा जॉनी. हे वाचताना मी थांबले, कारण माझंही वय तेवढंच आहे. लग्न झालेलं, घरात लहान बाळ, हातात काम नाही. तो पिट्सबर्गमध्येच बांधकामावर लागला. आणि खेळ? तो सोडला नाही. ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या हौशी-व्यावसायिक टीमकडून तो संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी खेळायचा. मैदानावर गवत कमी आणि धूळ जास्त. एका सामन्याचे मिळायचे सहा डॉलर.

दिवसभर बांधकामावर राबून सहा डॉलरसाठी हाडं मोडून घ्यायला कोण जातं? घरच्यांना हा वेडेपणाच वाटला असेल. पण हात चालू ठेवायचा तर दुसरा मार्ग नव्हता. पुढे संधी आलीच आणि तेव्हा हात गंजलेला असला, तर दोष कुणाला देणार?

संधी आली १९५६च्या सुरुवातीला. बाल्टिमोर कोल्ट्स या टीमला राखीव क्वार्टरबॅक हवा होता. कोच वीब यूबँक यांना एका चाहत्याचं पत्र आलं होतं की ब्लूमफील्डमध्ये एक मुलगा धुळीत खेळतोय, त्याला बघा, असं सांगितलं जातं. यूबँक नंतर गमतीने म्हणायचे की ते पत्र जॉनीनेच लिहिलं असावं. टीमचे मॅनेजर डॉन केलेट यांनी पिट्सबर्गला फोन लावला. त्या फोनचं बिल ८० सेंट आलं, ही दंतकथा आजही सांगतात. करार ठरला वर्षाला सात हजार डॉलरचा, तोही टीममध्ये टिकला तर.

चाचणीच्या वेळी यूबँक यांना त्याच्या फेकीत एक गोष्ट खटकली. बॉल सुटल्यावर त्याचा हात स्क्रू पिळावा तसा बाहेरच्या बाजूला वळायचा. असं फेकत राहिला तर कोपराचं काय होईल, ही त्यांची शंका. पण बॉल तर बरोबर जागी जात होता. त्यांनी ती लकब बदलली नाही. ही शंका लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

तो रविवार

२१ ऑक्टोबर १९५६. शिकागोमध्ये शिकागो बेअर्सविरुद्ध सामना. कोल्ट्सचा मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ याचा पाय जायबंदी झाला आणि १९ नंबरच्या पोराला आत जावं लागलं. काळे उंच बूट, बारीक कापलेले केस, किंचित वाकलेले खांदे. व्यावसायिक फुटबॉलमधली पहिली खरी संधी.

पहिला पास फेकला. बेअर्सच्या जे. सी. कॅरोलाइनने मध्येच झेलला आणि थेट टचडाउन करून मोकळा झाला.

पुढच्या चालीत फेकायचंही नव्हतं, बॉल फक्त बाजूच्या माणसाच्या हातात द्यायचा होता. तोही नीट देता आला नाही. बॉल सुटला, बेअर्सने उचलला. कोल्ट्स ५८-२७ने हरले.

आता कल्पना करा, हे आजच्या काळात झालं असतं. सामना संपायच्या आत त्या दोन चालींच्या क्लिप्स पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या असत्या. स्टीलर्सच्या कोचने आपलं बरोबर होतं म्हणून सुस्कारा सोडला असता. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवशी बाल्टिमोरचे जे चाहते वैतागले त्यांचं काही चुकलं नव्हतं. समोर जे दिसलं ते वाईटच होतं. पास चुकला होता, हात थरथरले होते. यात अन्याय कसला?

पण कोल्ट्सकडे फारसा पर्याय नव्हता, म्हणून पुढच्या रविवारीही तोच उतरला. टीमने ग्रीन बे पॅकर्सला हरवलं. नंतर क्लीव्हलँडला हरवलं, आणि ते याआधी कोल्ट्सला कधीच जमलं नव्हतं. मोसम संपला तेव्हा जॉनीचे ५५.६ टक्के पास बरोबर पोचले होते. नवख्या क्वार्टरबॅकसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. त्याच मोसमात टचडाउन पास नऊ आणि इंटरसेप्शन दहा, हेही खरं. म्हणजे पहिल्या वर्षाच्या हिशेबावरून वाद घालायचा, तर दोन्ही बाजूंना भरपूर माल होता.

सरावानंतरचा सराव

मग चुका कमी कशा झाल्या? याचं उत्तर फार साधं आहे आणि त्यामुळेच जरा कंटाळवाणं वाटेल. टीममध्ये रेमंड बेरी नावाचा रिसीव्हर होता. ड्राफ्टच्या विसाव्या फेरीत घेतलेला. वेग बेताचा, नजर कमजोर. पहिल्या मोसमात त्याने पकडलेले पास जेमतेम १३. एक नवव्या फेरीचा, एक विसाव्या फेरीचा. दोघांचीही कुणाला फारशी आशा नव्हती.

टीमचा सराव संपून बाकीचे आंघोळीला गेले की हे दोघं मैदानावर थांबायचे. बेरी प्रत्येक धावेची पावलं मोजायचा. अमुक पावलांवर वळायचं, तमुक जागी पोचायचं. जॉनी ती लय हातात बसवायचा. तेच वळण, तोच पास, पुन्हा पुन्हा. शेवटी इतकं जुळलं की बेरी वळायच्या आधीच बॉल निघालेला असायचा. बेरी वळून बघतो तर बॉल समोर. बचाव करणाऱ्याला कळणार कसं? रिसीव्हरलाच अजून बॉल दिसला नाही तर त्याचा पाठलाग करणाऱ्याला काय दिसणार!

आपण टीव्हीवर ज्याला अचूकता म्हणतो, ती बरीचशी अशी असते. एकट्या हाताची नसते. दोन माणसांनी मिळून ठरवलेल्या वेळेची असते. म्हणून एखाद्या तरुण क्वार्टरबॅकचा पास रिसीव्हरच्या मागे पडला की चूक नेमकी कुणाची, हे सोफ्यावरून सांगणं अवघड. हे मी होस्टेलमधल्या दुसऱ्या मित्राला ऐकवलं. त्याने चहा संपवला आणि विषय बदलला.

१९५७मध्ये जॉनी लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे २,५५० यार्डांचे पास आणि २४ टचडाउन पास देणारा क्वार्टरबॅक ठरला. ज्याला हुशार नाही म्हणून काढलं होतं, तोच आता समोरच्या टीमचा बचाव वाचून जागच्या जागी चाल ठरवत होता.

दोन मिनिटं, ८६ यार्ड

१९५८च्या मोसमात मध्येच त्याच्या बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. दोन सामने बाहेर बसून तो छातीला संरक्षक कवच बांधून परत आला. टीम अंतिम सामन्यात पोचली.

२८ डिसेंबर १९५८. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, ६४ हजारांवर प्रेक्षक, आणि टीव्हीसमोर अंदाजे साडेचार कोटी माणसं. समोर न्यूयॉर्क जायंट्स. मध्यंतराला कोल्ट्स १४-३ने पुढे होते. मग जायंट्सनी सामना फिरवला, १७-१४. घड्याळात दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला. कोल्ट्सला बॉल मिळाला तो स्वतःच्या टोकाला, समोर ८६ यार्डांचं मैदान.

थंडी, गोंगाट, वेळ संपत आलेली. जॉनीने सलग तीन पास बेरीला दिले. तीन पासमध्ये ६२ यार्ड! संध्याकाळी रिकाम्या मैदानावर केलेली सगळी बडबड, सगळी पावलं इथे कामी आली. सात सेकंद बाकी असताना स्टीव्ह मायराने किक मारून बरोबरी साधली.

लीगच्या इतिहासात अंतिम सामना पहिल्यांदाच जादा वेळेत गेला. नियम सोपा, जो आधी गुण करेल तो जिंकला. पहिली संधी जायंट्सना मिळाली, त्यांना काही जमलं नाही. मग जॉनीने १३ चालींत ८० यार्ड टीम पुढे नेली. अगदी जवळ पोचल्यावर सगळ्यांना वाटलं, आता नुसती किक मारून जिंकतील. त्याने काय करावं? कडेला जिम मचेलरकडे पास फेकला! तो जायंट्सच्या हातात गेला असता तर आज हा लेख वेगळा असता. कदाचित नसताच. पण गेला नाही. मचेलर एका यार्डावर पोचला आणि पुढच्या चालीत ॲलन अमीची घुसला. २३-१७. तो सामना अमेरिकेत आजवरचा सर्वोत्तम सामना म्हणून ओळखला जातो, आणि टीव्हीमुळे हा खेळ घराघरांत पोचला तो तेव्हापासून, असं मानतात.

त्या दिवसाचा त्याचा हिशेब ४० पैकी २६ पास, ३४९ यार्ड. आणि हो, त्यातही एक इंटरसेप्शन होतंच.

हिशेबात न मावणारं

पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद. १९५६ ते १९६० या काळात सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन पास देण्याचा त्याचा विक्रम २०१२पर्यंत टिकला. तेव्हा ड्रू ब्रीजने तो मोडला. तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. कारकिर्दीत ४० हजार यार्डांचा टप्पा ओलांडणारा पहिला क्वार्टरबॅक.

आता दुसरी बाजूही बघू, कारण नुसतं कौतुक करायचं तर भिंतीवर पोस्टर लावून भागतं. कारकिर्दीत त्याने ५,१८६ पास फेकले, त्यातले २,८३० पोचले. म्हणजे ५४.६ टक्के. आज एखाद्या क्वार्टरबॅकचा आकडा साठच्या खाली गेला तरी चाहते त्याला बाकावर बसवायच्या गोष्टी करतात. टचडाउन पास २९०, आणि इंटरसेप्शन २५३. दोनशे त्रेपन्न वेळा बॉल समोरच्याच्या हातात! काळ वेगळा होता हे खरं. तेव्हा रिसीव्हरला अडवायला बचावाला खूप मोकळीक होती, १९७८नंतर नियम बदलले आणि पास फेकणं सोपं झालं. तरीही पहिल्या रविवारी जी खोड दिसली ती पूर्ण गेली, असं नाही म्हणता येणार. जिथे बाकीचे हात आखडता घेतील तिथे तो फेकायचा. मचेलरला दिलेला पास आणि कॅरोलाइनने पळवलेला पास, दोन्ही त्याच हाताचे. एक ठेव आणि दुसरा काढून टाक, असं करता येत नसतं.

अपयशही मोठं पाहिलं. १९६४च्या अंतिम सामन्यात क्लीव्हलँडकडून २७-० असा सपाटून मार. १९६८च्या मोसमाआधी सराव सामन्यात कोपर दुखावलं आणि जवळपास अख्खा मोसम बाहेर गेला. जानेवारी १९६९च्या सुपर बोलमध्ये कोल्ट्स हरत असताना त्याला शेवटी आत पाठवलं. कोल्ट्सचं त्या दिवशीचं एकमेव टचडाउन त्याने मिळवून दिलं, पण १६-७ने जिंकले ते न्यूयॉर्क जेट्स. दोन वर्षांनी, जानेवारी १९७१मध्ये, डॅलसविरुद्धचा सुपर बोल १६-१३ने जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता. जॉन मॅकीला दिलेला ७५ यार्डांचा टचडाउन पास त्याचाच. पण दुखापत होऊन त्याला मध्येच बाहेर जावं लागलं.

१९७२मध्ये नव्या मॅनेजरने त्याला बाकावर बसवलं. १९७३मध्ये सॅन डिएगोला विकलं. एकदा नको होता तेव्हा वय बावीस, दुसऱ्यांदा नको झाला तेव्हा चाळिशीला टेकलेला. पहिल्या वेळी कोच चुकले होते. दुसऱ्या वेळी मात्र बहुधा बरोबर होते. तिथे एक मोसम कसाबसा खेळून १९७४मध्ये तो थांबला. १९७९मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

त्या हाताचं काय झालं?

आठवतंय, कोपराबद्दल कोचना शंका आली होती? निवृत्तीनंतर जॉनीचा उजवा हात हळूहळू निकामी होत गेला. जुन्या दुखापतीने बोटांतली ताकद गेली. ज्या बोटांनी यांकी स्टेडियमवर ते तीन पास फेकले, त्यांना पुढे जेवताना काटा धरणं जड जाऊ लागलं. गोल्फ खेळायचा तर काठी हाताला पट्ट्याने बांधावी लागे. दोन्ही गुडघे बदलले, १९९३मध्ये हृदयाची बायपास झाली. व्यवसायातही नुकसान होऊन १९९१मध्ये दिवाळं निघालं. लीगकडे त्याने अपंगत्वाची भरपाई मागितली, ती मिळाली नाही. तो खेळला त्या काळात पैसा थोडा होता. खेळ श्रीमंत झाला तो नंतर, आणि तो होण्यात त्याचा मोठा वाटा होता.

त्यात १९८४च्या मार्चमध्ये कोल्ट्सच्या मालकांनी एका रात्रीत ट्रक भरले आणि टीम बाल्टिमोरहून इंडियानापोलिसला नेली. जॉनीने त्या नव्या घराशी नातं ठेवलं नाही. त्याच्या लेखी त्याची टीम बाल्टिमोरची होती. १९९६मध्ये शहराला रेव्हन्स ही नवी टीम मिळाली, तेव्हा तो तिच्या सामन्यांना कडेला उभा दिसायचा.

११ सप्टेंबर २००२ला बाल्टिमोरजवळच्या टिमोनियममध्ये व्यायाम करत असताना हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ६९.

त्यानंतर एक छोटी गोष्ट घडली. लीगमध्ये बूट कसे घालायचे याचेही नियम असतात. पेटन मॅनिंगसारख्या बड्या क्वार्टरबॅकने जॉनीच्या आठवणीत काळे उंच बूट घालायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. दंड होईल असं कळल्यावर त्याने बेत सोडला. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक ख्रिस रेडमन हाही लुईव्हिल विद्यापीठाचाच. त्याने कुणाला विचारलंच नाही. तो सरळ काळे उंच बूट घालून मैदानात उतरला आणि पाच हजार डॉलर दंड भरला.

मग वाद कोण जिंकलं?

हे सगळं मी कॉमन रूममध्ये सांगितलं, तेव्हा पहिला मित्र टेबलावर थाप मारून म्हणाला की झालं, सिद्ध झालं, पोराला वेळ द्यायला हवा. दुसऱ्याने मात्र मला अडचणीत टाकलं. त्याचा मुद्दा असा, की प्रत्येक जॉनीमागे शंभर जण असे असतील ज्यांचा पहिला पास चुकला, आणि दुसराही, आणि तिसराही. त्यांच्यावर लेख येत नाहीत. बोला!

त्याचं बरोबर आहे. जॉनीची गोष्ट दाखवून कुठल्याही तरुण खेळाडूची हमी देता येत नाही. चाहते ज्या चुका मोजतात त्या बहुतेकदा खऱ्याच असतात. पण मला त्यातून एवढं कळलं, की चूक मोजणं आणि माणूस मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. किसलिंग यांनी चूक मोजलीच नाही. त्यांनी जॉनीला एकदाही खेळवलं नाही आणि थेट माणूस मोजला. यूबँक यांनी खटकलेली फेक पाहिली, ५८-२७चा पराभव पाहिला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच्याच हातात बॉल दिला. दोघांना दिसला तो पोरगा एकच होता.

इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या पहिल्या बातमीत आकडा चुकला होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागली. त्या रात्री मी हे क्षेत्र सोडायचं जवळजवळ नक्की केलं होतं. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा एक बातमी दिली गेली. या वेळी मी आकडे तीनदा तपासले. या लेखातलेही तपासलेत.

येत्या रविवारी रात्री तो तरुण क्वार्टरबॅक पुन्हा खेळणार आहे. कॉमन रूममध्ये जागा धरून ठेवलीय. दुसरा मित्र म्हणतो, तो पुन्हा तीनदा बॉल घालवणार. असेलही. आपल्याला बघायचंय ते तिसऱ्यांदा घालवल्यावर चौथा पास तो कसा फेकतो ते.